स्टँडअपवाला पडद्यावर काय काय करतो? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरंपोरी हल्ली स्टँडअपसाठी, म्हणजे एकट्यानं उभं राहून लोकांना हसवायला, बिनधास्त माइक हातात घेतात. पाच-सात मिनिटं जमली की पुढचे प्रश्न सुरू होतात: टीव्हीवर कसं जायचं, सिनेमात कोण घेतं, पैसे किती. काही प्रश्न आईवडिलांचे असतात, काही तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलेले. मी जळगावात ओपन माइक (कुणीही येऊन पाच मिनिटं करून बघायचा कार्यक्रम) भरवतो आणि अधूनमधून टीव्हीच्या प्रहसनांसाठी लिहितो. त्यामुळं उत्तरांत माझा कल दिसणारच, तो आधीच सांगून टाकतो: ज्या विनोदवीराला लिहिता येतं, तो जास्त दिवस टिकतो.

स्टँडअप करणाऱ्याला सिनेमा-टीव्हीत नेमकं कोणतं काम मिळतं?

लोकांच्या डोळ्यासमोर एकच येतं, हिरोचा मित्र. तो तर आहेच. पण त्याशिवाय प्रहसनातली भूमिका, सूत्रसंचालन, जाहिरात, वेब सिरीज, डबिंग, पुरस्कार सोहळ्यात दोन नाचांच्या मधली दहा मिनिटं भरून काढणं, शूटिंगआधी स्टुडिओतल्या प्रेक्षकांना हसवून तापवून ठेवणं, अशी कितीतरी कामं आहेत. आणि पडद्यामागची वेगळीच. दुसऱ्याच्या संहितेत विनोद भरणं, सूत्रसंचालकाला ओळी लिहून देणं, एखाद्या नटाला बोली शिकवणं. या मागच्या कामांत चेहरा दिसत नाही, म्हणून आपल्याकडची पोरं ती हलकी समजतात. घरभाडं मात्र बऱ्याचदा त्यातूनच निघतं.

स्टेजवर टाळ्या घेणारा कॅमेऱ्यासमोर का आखडतो?

कारण स्टेजवर तो समोरच्यांच्या हशावर चालतो. हशा आला की थांबायचं, ओसरू लागला की पुढची ओळ टाकायची. सेटवर हशाच नाही. लाइटवाला, साउंडवाला, मेकअपदादा सगळे गप्प, कारण कुणी फिसकन हसलं तर टेक वाया. तुम्ही ओळ टाकता आणि शांतता. स्टेजवरच्या माणसाला ती शांतता आपटल्यासारखी वाटते, मग तो पुढच्या टेकला जोर लावतो, डोळे मोठे करतो, आवाज चढवतो. कॅमेरा दोन फुटांवर आहे, तो हे सगळं चौपट करून दाखवतो.

एक विनोद घेऊन दाखवतो. आमच्याकडच्या एका पोराचा हा स्टेजवर हमखास चालणारा तुकडा: पुण्याच्या मित्राला तो हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला बोलावतो. मित्र विचारतो, "काका, वांगी किती आणली?" बाप म्हणतो, "एक पोतं." मित्र घाबरून, "बापरे! येणार किती जण?" बाप शांतपणे बोटं मोजतो, "तू, मी नि तुनी काकू."

स्टेजवर हे दोन्ही आवाज एकटाच काढतो आणि सगळी मजा त्या बोटं मोजण्याच्या विरामात आहे. हाच तुकडा टीव्हीच्या प्रहसनात गेला की मित्राला खराखुरा नट असतो, काकूही असते. आता पोतं नुसतं सांगून भागत नाही, दिसायला लागतं. मग शेवटची ओळ बापाच्या तोंडून काढून घ्यावी लागते: मित्र पोत्याकडं बघतोय, तेवढ्यात काकू मागून दुसरं पोतं ओढत आणते. काकूला एकही शब्द नाही आणि हशा तिचा. बापाचं काम करणाऱ्या स्टँडअपवाल्याला इथं पोटात दुखतं, पण जागा सोडता आली पाहिजे. सिनेमात तर कदाचित विनोद म्हणून काही उरतच नाही. पुढं नायक-नायिकेचं बोलणं चाललंय आणि मागं, थोडा धूसर, एक माणूस काट्यांच्या जाळावर पोतंभर वांगी एकटाच भाजतोय. सात टेक झाले तर सातही वेळा वांगं त्याच हातानं, त्याच शब्दावर उलटायचं. नाहीतर एडिटिंगला दोन शॉट जुळत नाहीत आणि तुमचा शॉट कापला जातो.

मग सराव कसा करायचा?

एकांकिका करा. नाट्यस्पर्धेला आपल्याकडं कमी नाही. राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं केंद्र जळगावला असतं, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या 'युवारंग'मध्ये प्रहसन, नकला, मूकाभिनय सगळं आहे. दुसऱ्याची ओळ संपेपर्यंत खरोखर ऐकत उभं राहणं तिथंच शिकायला मिळतं. एकट्यानं माइकवर बोलणाऱ्याला ही सवय नसते. मूकाभिनयाला तर मुद्दाम उतरा. ज्याची सगळी भिस्त तोंडावर आहे, त्याचं तोंड आठ दिवस बंद करणं फार गुणकारी.

मोठी नावं या वाटेनं कशी गेली? एकाच रात्रीत झालं का?

एकाचंही नाही, आणि दोघांची वाट सारखीही नाही.

जॉनी लिव्हर धारावीत वाढले. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होते, तिथं साहेबांच्या नकला करायचे, त्यातून ते आडनाव चिकटलं. मग ऑर्केस्ट्रात मिमिक्री, कल्याणजी-आनंदजींबरोबर दौरे, आणि १९८२ च्या 'दर्द का रिश्ता'तून सिनेमात प्रवेश. विनोदी भूमिकेचं फिल्मफेअर त्यांना मिळालं ते 'दीवाना मस्ताना' (१९९७) आणि 'दूल्हे राजा' (१९९८) या चित्रपटांसाठी. मधली वर्षं मोजा.

राजू श्रीवास्तव यांचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. १९८८ च्या 'तेजाब'मध्ये, १९८९ च्या 'मैंने प्यार किया'मध्ये ते आहेत, पण इतक्या लहान भूमिकांत की बघताना शोधावे लागतात. घराघरात नाव झालं ते २००५ साली, स्टार वनवरच्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मुळं. सिनेमानं त्यांना दुसऱ्याच्या गोष्टीतला कोपरा दिला होता. टीव्हीनं त्यांचं गजोधर हे पात्र त्यांच्याच तोंडून ऐकवलं. तो पहिला हंगाम जिंकला मात्र सुनील पाल यांनी, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या माणसानं. याच कार्यक्रमाचा तिसरा हंगाम २००७ मध्ये कपिल शर्मा यांनी जिंकला, २०१३ मध्ये 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' आलं, २०१५ मध्ये नायक म्हणून पहिला सिनेमा.

झाकिर खान इंदूरचे. म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडला लागलं, शिरपूर, सेंधवा गेलं की पुढचंच मोठं गाव. २०१२ मध्ये कॉमेडी सेंट्रल वाहिनीची स्पर्धा जिंकली, २०१७ मध्ये 'हक से सिंगल' हा स्टँडअपचा कार्यक्रम, आणि २०१८ मध्ये 'चाचा विधायक हैं हमारे' ही स्वतःच रचलेली आणि स्वतःच काम केलेली मालिका. भूमिका मिळायची वाट बघत बसण्यापेक्षा भूमिकाच लिहिली. वीर दास यांनी २०११ मध्ये 'डेली बेली', २०१३ मध्ये 'गो गोवा गॉन' असे सिनेमे केले, पण आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार २०२३ मध्ये आला तो स्टँडअपच्या 'लँडिंग'साठी. सिनेमा केला म्हणून माइक सोडायचा नसतो, एवढं यातून घ्यावं.

आणि मराठीत हे नवीन आहे असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. पु. ल. देशपांडे यांनी १९५३ मध्ये 'गुळाचा गणपती'चं लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका एकहाती केली, आकाशवाणी आणि दूरदर्शनची नोकरी केली, १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगमंचावर उभी केली. फक्त त्याला तेव्हा कुणी स्टँडअप म्हणत नव्हतं.

विनोदी माणसाला गंभीर भूमिका देतात का?

देतात, पण उशिरा. नंदिता दास यांच्या 'झ्विगॅटो'त कपिल शर्मा यांनी घरोघरी जेवण पोचवणाऱ्या माणसाची भूमिका केली. नोकरी गेलेला, रेटिंगच्या मागं पळणारा, भुवनेश्वरच्या रस्त्यांवरचा माणूस. ज्याला हशासाठी थांबायचं कळतं, त्याला दुःखासाठी थांबायचंही कळू शकतं. पण दिग्दर्शकाला ते दाखवायला आधी कुठंतरी केलेलं असावं लागतं, म्हणून पुन्हा एकांकिकेचंच सांगतो.

माझी भाषा अहिराणीकडं झुकते. ती सुधारू का?

नको रे बाबा!

प्रमाण मराठी यायलाच हवी, बातम्या वाचाव्यात तशी. कारण सूत्रसंचालनाला, डबिंगला ती लागते. पण बोली घासून काढू नका. भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या'मधून वऱ्हाडी महाराष्ट्रभर नेली. मकरंद अनासपुरे मराठवाड्याची बोली घेऊन आले आणि तीच त्यांची ओळख झाली. खानदेशाची ती जागा टीव्हीवर अजून मोकळी आहे, असं माझं मत आहे. यूट्यूबवर अहिराणी गाणी पुण्या-मुंबईच्या वरातींत वाजतात, म्हणजे कान तयार झालेत. आणि बहिणाबाईंच्या ओळी १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून महाराष्ट्रानं आनंदानं ऐकल्याच की.

एक मात्र पाळा. टीव्हीवाले 'खानदेशी' म्हणून एकच खिचडी मागतात. धुळे, अमळनेर, साक्रीकडची अहिराणी वेगळी, यावल-रावेर-भुसावळची लेवा बोली वेगळी, जामनेरकडची तावडी आणखी वेगळी, सातपुड्यातल्या भिली-पावरी तर निराळ्याच. पात्र कुठल्या गावचं आहे ते आधी विचारा. पात्र लेवा बोलीच्या फैजपूरचं आणि तोंडी अहिराणी "काय शे (आहे) भाऊ", असं झालं की मुंबईत कुणाच्या लक्षात येत नाही, पण इकडं सगळा जिल्हा फोन करतो. अन् दुसरं: बोली हाच विनोद समजू नका. 'शे' म्हटलं की लोक हसतात ते पहिल्या मिनिटात. दुसऱ्या मिनिटापासून गोष्ट लागते.

मुंबईला कधी जायचं?

तीस मिनिटं स्वतःची, तपासलेली सामग्री हातात असेल तेव्हा. पाच मिनिटांवर जाणारे पाच मिनिटांत परत येतात.

जायचं म्हणजे लगेच खोली घ्यायची असंही नाही. भुसावळ-जळगावहून रात्री गाडीत बसलं की सकाळी दादर किंवा सीएसएमटी. अमळनेर-नंदुरबारवाल्यांना सुरत मार्ग आहे. ऑडिशन दिलं, संध्याकाळी एखाद्या ओपन माइकला पाच मिनिटं मारली, रात्रीची गाडी पकडली. पहिली पायरी अशीच चढा. शिवाय सगळं शूटिंग आता गोरेगावच्या चित्रनगरीत होत नाही. मीरा रोड, नायगाव, ठाण्याचा घोडबंदर रोड इकडं बरेच सेट आहेत, काही मराठी मालिका सातारा, कोल्हापूर, नाशिककडं होतात. खोली घ्यायची वेळ आलीच तर आधी काम कुठं मिळतंय ते बघा, मग लोकलची लाइन ठरवा.

मुंबईला न जाता काही होतच नाही का?

मालेगाव बघा. जिल्हा नाशिक असला तरी कसमादेची (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भाषा आणि माणसं आपल्या ओळखीची. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्या यंत्रमाग कामगारांना घेऊन 'शोले'चं मालेगावी विडंबन केलं. पुढं त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला, आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट थिएटरात लागला. म्हणजे आधी त्यांनी मुंबईची नक्कल केली, मग मुंबईनं त्यांच्यावर सिनेमा काढला. आज तर मोबाइलमध्येच कॅमेरा आहे. आवाजासाठी एक कॉलर माइक तेवढा घ्या. आपल्याकडच्या व्हिडिओंत चेहरे दिसतात आणि ऐकू फक्त वारा येतो.

ऑडिशनला काय मागतात?

हल्ली पहिली फेरी बहुधा घरूनच, स्वतः रेकॉर्ड करून पाठवायची असते. सुरुवातीला इंट्रो: नाव, वय, उंची, सध्या राहता कुठं, भाषा कोणत्या, मग डावी-उजवी बाजू. मग दिलेला सीन. साधी भिंत, चेहऱ्यावर उजेड, मोबाइल आडवा की उभा ते सूचनेत बघून. समोरच्या पात्राच्या ओळी कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि वाचणाऱ्याला सांगा की अभिनय तू करू नको. आमच्या एका पोराच्या टेपमध्ये मागून ओळी वाचणारी त्याची आत्याच जास्त भाव खाऊन गेली.

इंट्रोत विनोद मारू नका. भाषांमध्ये अहिराणी नक्की सांगा.

"ओळखपत्र काढायचंय, पाच हजार भरा" असा फोन आला. भरू?

नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. कास्टिंगसाठी, नोंदणीसाठी, 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच' म्हणून, कशासाठीही मागितले तरी नाही. आणि सीन वाचायला हॉटेलच्या खोलीवर बोलावलं तरी नाही.

पैसे कसे ठरतात आणि कधी येतात?

अभिनयाला दिवसावर किंवा भागावर, लेखनाला भागावर किंवा प्रहसनावर. टीव्हीची शिफ्ट साधारण बारा तासांची धरतात. रक्कम ठरवताना प्रवास आणि राहणं त्यात आहे की वेगळं, हे जळगावच्या माणसानं पहिल्यांदा विचारावं, कारण अंधेरीत राहणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही आणि समोरचा आपणहून काढत नाही.

काम झालं की बिल पाठवायचं. पॅन, बँक खातं तयार ठेवा, साधारण दहा टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पैसे येतात, तेवढा कर लागत नसेल तर तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. पैसे हातात पडायला दोन-तीन महिने लागणं या धंद्यात नेहमीचं आहे. म्हणून 'काम मिळालं' म्हणून लगेच गाडीचा हप्ता सुरू करू नका. मला स्वतःला एका निर्मात्यानं लेखनाचे पैसे 'पुढच्या सोमवारी' देतो म्हणून बरेच सोमवार दाखवले. तेव्हापासून ईमेलवर दोन ओळी आल्याशिवाय मी फाइल पाठवत नाही.

मी लिहिलेलं प्रहसन दुसऱ्याच्या नावानं आलं तर?

नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते. 'भरीत पार्टीला एकच पाहुणा' ही कल्पना कुणीही वापरू शकतो. पण तुमच्या ओळी, तुमची मांडणी तुमची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात काही गोष्टी लेखकाच्या बाजूनं आहेत, त्या आपल्या पोरांना माहीत नसतात. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या लेखनाच्या, थिएटरातलं प्रदर्शन सोडून बाकी वापराच्या, रॉयल्टीचा हक्क लेखकाला निर्मात्याच्या नावावर करून टाकता येत नाही. आणि हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावायचा अधिकार तुमच्याकडं राहतो.

करायचं एवढंच: मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हा आणि पाठवण्याआधी संहिता तिथं ऑनलाइन नोंदवा. अमुक तारखेला हे लिखाण तुमच्याकडं होतं, याचा पुरावा तयार होतो. चहाच्या टपरीवर सगळी गोष्ट सांगून टाकण्याची आपली सवय मात्र कुठलाच कायदा झाकू शकत नाही.

स्टेजवर चालतं ते टीव्हीवर का चालत नाही?

सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. टीव्हीला आधी प्रमाणपत्र नसतं, पण कार्यक्रम संहितेचे नियम असतात आणि वाहिनीचा स्वतःचा माणूस तुमचं लिखाण चाळतो. ओटीटीला २०२१ चे नियम आहेत, वयाचा गट दाखवावा लागतो. ही झाली कागदावरची बाजू. खरी अडचण वेगळीच. टीव्ही घरात आजी, सून आणि पाचवीतला नातू मिळून बघतात, एकाला जरी अवघडलं तरी रिमोट फिरतो. शिवी काढून टाकल्यावर जो विनोद उभा राहत नाही, तो टीव्हीला नेऊच नका. ब्रँडचं नाव, पुढाऱ्याचं नाव, जातीचा उल्लेख हे पहिल्याच वाचनात जातं. त्याच्या जागी काय घालायचं ते घरूनच तयार करून न्या, तिथं ऐनवेळी सुचत नाही.

आमची मुलगी हे करते म्हणते. पाठवावं का?

काका, काकू, तुमच्या प्रश्नातली काळजी मला कळते. रात्रीचे कार्यक्रम, अनोळखी शहर. पण ती मुलगा असती तर प्रश्न 'पाठवावं का' नसता, 'कुठं पाठवावं' असता. प्रहसनाच्या कार्यक्रमांत विनोदी काम करणाऱ्या बायकांना मागणी आहे, आणि बाईची बाजू लिहिणाऱ्या लेखिकांना त्याहून जास्त. एकदा तिच्या कार्यक्रमाला या. मागच्या रांगेत बसा. ती तुमच्यावर विनोद करेल, ती तयारी ठेवा.

नोकरी सोडू का?

पहिल्या चेकवर नाही. दुसऱ्यावरही नाही. लेखनाचं काम सलग येऊ लागलं की मग बोलू. शाळामास्तर, बँकवाले, एलआयसी एजंट यांच्याकडं तसाही सर्वांत चांगला माल असतो. नोकरी सुटली की तो आटतो.

तुमच्या ओपन माइकला यायचं तर?

पाच मिनिटांचं लिहून आणा, पाठ करून या, मोबाइलमध्ये बघून वाचायचं नाही. वेळ संपली की मी मागून टॉर्च दाखवतो, तेव्हा थांबायचं. टॉर्च दिसल्यावर "शेवटचा एक" म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी सगळ्यात शेवटी घेतो, म्हणजे अर्धे लोक बस पकडायला उठलेले असतात तेव्हा. आणि पहिल्या रांगेत सगळं घरदार आणून बसवू नका. ते सगळ्याच ओळींना हसतात, मग कुठली चालली ते कळत नाही.